कायदा कोणाचा हात धरतो?

१९७२ साली संसदेने वन्यजीव संरक्षण कायदा संमत केला. दुर्मिळ प्राण्यांना पहिल्या अनुसूचीत बसविले, शिकाऱ्याला तुरुंग दाखविला आणि प्राणी वाचले असे राज्यकर्त्यांनी गृहीत धरले. माळढोक पक्ष्याला या कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. तरीही रानात उरलेल्या माळढोकांची संख्या आज दीडशेच्या आसपास मानली जाते, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत.

महाराष्ट्राने १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित केले. गावे, शेते, रस्ते सारेच त्यात आले. जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांचा जाच झाला तो कोरडवाहू शेतकऱ्याला. ज्वारीच्या रानांत उसाचा शिरकाव मात्र थांबला नाही; गवताळ माळ ‘पडीक’ ठरवून त्यावर झाडे लावण्याचा उद्योग तर सरकारी खात्यांनीच केला. माळच गेला, तर माळढोक राहणार कोठे? पुढे अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. आज नान्नजच्या माळावर हा पक्षी क्वचितच दृष्टीस पडतो.

राजस्थानातही तीच तऱ्हा. तेथे विजेच्या उच्चदाब तारांवर आदळून माळढोक मरतात. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते. म्हणून एकेक मृत्यू महाग पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. खर्चाची व तांत्रिक अडचणींची सबब पुढे आली आणि २०२४ मध्ये तो आदेश सौम्य झाला. शेतकऱ्याच्या खर्चाचा असा विचार १९७९ मध्ये कोणी केला होता काय?

मग कायदा निरुपयोगी, असे म्हणून तो मोडीत काढू पाहणाऱ्यांनी गिधाडांचा इतिहास वाचावा. गिधाडाची शिकार कोणी करीत नव्हते. जनावरांना टोचलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, मूत्रपिंडे निकामी झाली, आणि १९९० नंतरच्या दीड दशकात काही जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. शिकारबंदीचे कलम येथे लागूच पडत नव्हते. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, मेलॉक्सिकॅमचा सुरक्षित पर्याय होताच, आणि घसरणीचा वेग मंदावला. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या. त्यांचा आकार ३ मिलिलिटरवर आणायला २०१५ उजाडले. तेवढ्या दिरंगाईची किंमत गिधाडांनी मोजली.

तेव्हा प्रश्न कायदा हवा की नको, हा नाहीच. मृत्यूच्या कारणावर घाव घालणारा कायदा उपयोगी पडतो; कारण सोडून दुबळ्याचा हात धरणारा कायदा ना प्राणी वाचवितो, ना माणूस. संरक्षणाचा खर्च ज्याच्या नफ्यातून नाश उद्भवतो त्याच्यावर पडला पाहिजे. ही मागणी कार्यकर्त्यांनी माळरानावरील शेतकऱ्याला व मेंढपाळाला बरोबर घेऊन केली पाहिजे. कारण माळ राखला तर त्यांचेही जगणे राखले जाणार आहे.