महसीराचे रक्षण : बीज सोडण्यापूर्वी नदी राखावी

गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायाचा विचार करताना गावतळे, शेततळे व धरणाचा जलाशय यांकडे प्रथम लक्ष जाते. तळ्यात रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली सोडावीत आणि वर्षभराने जाळे टाकावे, हा हिशेब सरळ व उपयुक्त आहे. परंतु नद्यांत असेही काही मासे आहेत की ज्यांना पूर्ण वाढीस अनेक वर्षे लागतात आणि ज्यांचे जीवन नदीच्या दीर्घ पल्ल्यावर अवलंबून असते. ह्या थोर माशांना तळ्याचा हिशेब लावल्यास लाभाऐवजी हानीच पदरी पडते. भारतातील महसीर हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

मोठ्या माशांवरील संकट एकट्या भारतापुरते नाही. जून २०२२ मध्ये कंबोडियात मेकाँग नदीत ३०० किलो वजनाचे पाकट सापडले; गोड्या पाण्यात नोंदलेला हा सर्वांत मोठा मासा होय. मोजमाप करून त्यास पुन्हा नदीत सोडण्यात आले. त्याच वर्षी चीनमधील यांगत्से नदीतील वल्ह्यासारख्या लांब सोंडेचा प्रचंड मासा कायमचा नष्ट झाल्याचे जाहीर झाले. अतोनात मासेमारी तर होतीच. शिवाय १९८१ साली गेझौबा येथे नदी अडविली गेल्यावर त्याची अंडी घालण्यास वर जाण्याची वाट बंद झाली. ३० किलो वा त्याहून अधिक वजनापर्यंत वाढणाऱ्या गोड्या पाण्यातील प्राण्यांची पाहणीखालील संख्या १९७० ते २०१२ ह्या काळात ८८ टक्क्यांनी घटली, आणि त्यांतील माशांची घट ९४ टक्क्यांपर्यंत गेली, असे शास्त्रज्ञांनी २०१९ साली दाखवून दिले.

महसीर हा रोहूच्याच कुळातला, परंतु वाहत्या पाण्यात वाढणारा मासा आहे. मोठे व जाड खवले, मांसल ओठ आणि प्रवाहाविरुद्ध झेप घेण्याची ताकद ही त्याची ओळख. जबड्यात दात नसले तरी घशात मजबूत दात असतात. त्यांनी तो शिंपले, खेकडे व काठच्या झाडांची पडलेली फळे चिरडून खातो. महाराष्ट्रात आढळणाऱ्या महसीरास काही भागांत खडशी म्हणतात. कर्नल साईक्स याने १८३९ साली ह्या जातीचे शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याजवळील मुळा-मुठेच्या माशावरूनच. ज्या नदीने जगाला ह्या माशाची ओळख करून दिली, त्या नदीची आजची अवस्था पुणेकरांस सांगावयास नको.

ह्या माशाची जीवनपद्धती ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या रक्षणाचा विचार करणे व्यर्थ आहे. उन्हाळ्यात नदी आटली की मोठे महसीर खोल डोहांचा आश्रय घेतात. पावसाळ्यात पाणी वाढताच ते प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि उपनद्यांच्या स्वच्छ, खळाळत्या पाण्यात वाळू-गोट्यांच्या तळावर अंडी घालतात. रोहूची मादी लाखांच्या संख्येने अंडी देते. महसीराच्या मादीची अंडी आकाराने मोठी, परंतु तुलनेने फारच थोडी असतात. ती तळाशी बसतात व त्यांस भरपूर प्राणवायू लागतो. गाळ साचला तर ती गुदमरतात. मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी अधिक. म्हणून एक मोठी मादी मारली गेली की केवळ एका माशाची नव्हे, तर पुढील अनेक हंगामांच्या पैदाशीची हानी होते. थोडक्यात, ह्या माशास तीन गोष्टी हव्यात : उन्हाळ्यात डोह, पावसाळ्यात मोकळी वाट आणि अंड्यांसाठी निर्मळ गोटे. यांपैकी एक जरी गेली, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाही.

कावेरी नदीचा अनुभव ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे महसीराची एक स्वतंत्र जात आहे. तिच्या पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो व पर नारिंगी असतात. महसीरांत हीच सर्वांत मोठी जात. १९४६ साली गळाला लागलेल्या एका माशाचे वजन सुमारे ५४ किलो भरले होते. गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांत ही जात एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध होती. तथापि तिचे शास्त्रीय नाव निश्चित व्हावयास २०१८ साल उजाडले. केरळातील पांबार नदीच्या लहान माशांवरून २००७ साली वर्णिलेली जात ती हीच, असे त्या वर्षी सिद्ध झाले. ह्या संशोधनात पुणे व मुंबई येथील अभ्यासकांचाही वाटा होता. त्याच वर्षी जागतिक यादीत तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून करावी लागली. नाव मिळाले तेव्हा मासा जवळजवळ हातचा गेला होता.

असे का झाले? धरणे, वाळूचा उपसा, सुरुंगाच्या दारूने व विषाने केलेली मासेमारी ही कारणे आहेतच. त्यांत आणखी एका कारणाची भर पडली, आणि त्याचा संबंध महाराष्ट्राशी पोहोचतो. लोणावळ्यास वळवण जलाशयाच्या काठी टाटा वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात दख्खनच्या महसीराची कृत्रिम पैदास यशस्वी करून दाखविली. देशात महसीर घटत असताना हे कार्य मोठे होते व त्याचे मोल आजही कमी होत नाही. परंतु तेथील बीज पुढे दूरच्या नद्यांतही सोडण्यात आले, आणि त्यांत कावेरी होती. निळसर परांचा हा पाहुणा मासा तेथे चांगलाच रुजला. गळाने धरून परत सोडलेल्या माशांच्या १९९८ ते २०१२ ह्या काळातील नोंदी तपासल्या असता असे आढळले की, पाहुण्या महसीरांची संख्या वाढत गेली, तर मूळच्या नारिंगी परांच्या महसीरांची घटत गेली. जे मूळचे मासे सापडत त्यांचे सरासरी वजन मात्र वाढत होते. वरवर पाहता ही शुभ खूण वाटेल; अर्थ मात्र उलटा आहे. घरात वृद्ध तेवढे उरले होते आणि पाळणा रिकामा होता.

खिलार जनावरांच्या कळपात दुसऱ्याच जातीचा वळू सोडला, तर कळप कदाचित वाढेल. परंतु तो खिलारांचा राहणार नाही, हे कोणाही शेतकऱ्यास समजते. नदीच्या बाबतीत हीच गोष्ट समजण्यास उशीर झाला, कारण पाण्याखालचा कळप डोळ्यांना दिसत नाही. दोन जाती एका नदीत आल्या म्हणजे अन्नासाठी व जागेसाठी चढाओढ लागते. संकराचा धोकाही संभवतो. ‘महसीर सोडले’ अशी नोंद कागदावर होते आणि त्याच नदीचा महसीर नाहीसा होत जातो. हेतू चांगला होता, एवढ्याने परिणाम बदलत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, बीज सोडले नाही तर ओस पडलेल्या नद्या पुन्हा भरणार कशा? ह्या आक्षेपात तथ्य आहे. ज्या नदीतील मासा अगदी विरळ झाला आहे, तेथे त्याच नदीतील नर-मादी घेऊन केलेली पैदास उपकारक ठरू शकते. मात्र दोन अटी पाळल्या पाहिजेत. बीज त्याच खोऱ्यातील असावे, आणि ज्या कारणाने मासा गेला ते कारण आधी दूर झालेले असावे. गोटे उपसलेल्या, मैलामिश्रित नदीत हजारो बोटुकली सोडणे म्हणजे खडकावर बियाणे फेकणे होय. समारंभ होतो, पीक येत नाही. दख्खनचा महसीर आता जागतिक यादीत संकटग्रस्तांत गणला जात नाही, हेही समाधानाचे कारण मानता येणार नाही. यादीत गणना होते ती संपूर्ण जातीची. मुळेचा, कृष्णेचा वा इंद्रायणीचा महसीर उरला आहे किंवा नाही, हे त्या त्या नदीच्या काठीच पाहावे लागते.

महाराष्ट्रात नदी राखण्याची परंपरा नवी नाही. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहातील महसीर वरदायिनी देवीचे मानून ग्रामस्थ त्यांस हात लावीत नाहीत. वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रातही शिवमंदिरापाशी माशांना असेच अभय आहे. कोणत्याही खर्चिक योजनेवाचून ह्या डोहांत मोठे मासे टिकून राहिले. तरीही अशा रक्षणास एक मर्यादा आहे. देवाचा डोह सुरक्षित असला, तरी पावसाळ्यात त्यातून वर चढणारा मासा देवाच्या हद्दीबाहेर जातो. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरण्याची हौस घाटावर व कोकणात सारखीच आहे. लहान माशांच्या बाबतीत ती फारशी बाधक ठरत नसेल. अंड्यांनी भरलेली महसीराची मादी मात्र ह्या हौसेत सापडली तर डोह राखल्याचे फळ वाया जाते. डोहाबरोबर वाटही राखली पाहिजे.

ह्या कामी नदीकाठच्या शेतकऱ्यांना व ग्रामपंचायतींना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतील एक बारमाही डोह निवडून तेथे मासेमारी करावयाची नाही, असा ग्रामसभेत ठराव करावा. पावसाळ्यात वर चढणारा मोठा महसीर जाळ्यात आल्यास त्यास जिवंत परत सोडावे. ज्या ओढ्यांत हे मासे चढतात, तेथील वाळू व गोटे उचलू देऊ नयेत. असा ओढा अडविण्यापूर्वी माशांच्या वाटेचा विचार व्हावा. फवारणीचे पंप व औषधांचे रिकामे डबे नदीत धुऊ नयेत. पूर्वी गेळफळ वा रामेठा वापरून मासे धरीत, तेथे आता विरंजक चूर्ण व कीटकनाशके ओतली जातात. त्यांनी एका रात्रीत मोठ्या माशाबरोबर त्याची पिल्ले व त्याचे अन्नही संपते. सुरुंगाची दारू व विष यांनी मासे मारणे १८९७ सालापासून कायद्याने गुन्हा ठरले आहे. शेततळ्यात पाळलेले परके मासे, विशेषतः २००० सालापासून बंदी असलेला आफ्रिकी मांगूर, पुराबरोबर नदीत जाणार नाहीत अशी तजवीज असावी.

शासनाच्या मत्स्यखात्याकडूनही एक अपेक्षा रास्त ठरेल. नदीत किती लक्ष बोटुकली सोडली, ह्या आकड्यावर यश मोजण्याची प्रथा बदलावी. कोणत्या नदीत किती डोह राखले गेले, किती ओढ्यांत अंडी घालणारे महसीर पुन्हा दिसले आणि त्यांत लहान पिल्ले किती, असे प्रश्न विचारले जावेत. ही उत्तरे मिळण्यास वेळ लागेल व ती वार्षिक अहवालात उठून दिसणार नाहीत; परंतु मासा राहिला की गेला, हे त्यांवरूनच कळेल.

कावेरीच्या वशिंडधारी महसीरास आता मोयार नदीसारख्या थोड्या जागी आसरा उरला आहे. महाराष्ट्राच्या नद्यांतील महसीरावर ती वेळ येण्यापूर्वी सावध होणे शक्य आहे, आणि त्यासाठी बीजाच्या पिशव्यांपेक्षा डोहाच्या राखणदारांची गरज अधिक आहे.