गोधडी आणि कलाकक्ष

पुकेकोहे म्हटले की प्रथम डोळ्यांपुढे येतात ते कांद्याबटाट्यांचे मळे. ऑक्लंडच्या दक्षिणेकडील या गावच्या तांबूस मातीत हिंदी व चिनी शेतकऱ्यांनी घाम गाळला. आणि 1926 च्या सुमारास त्यांनाच जमिनी मिळू नयेत म्हणून याच गावी 'व्हाइट न्यूझीलंड लीग' स्थापन झाली. आज तेथे वृद्धनिवास उभे आहेत. त्यांपैकी एकास मोटारशर्यती गाजविणारे याच गावचे पॉसम बॉर्न यांचे नाव दिलेले आहे. अशा निवासांत बहुधा एक कलाकक्ष असतो आणि विणकाम, ठिगळकाम, भेटकार्डे, लाकूडकाम यांत मंडळी रमलेली असतात.

आपल्याकडील एखादी आजी अशा ठिकाणी राहावयास गेली, तर ती त्या कक्षाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरण्याचाच संभव अधिक. इंग्रजी तोडके, आणि आपणास येते ती तर गरिबाघरची गोधडी, ती काय कोणास दाखवावयाची! हा संकोच तिच्या मनात कोणी भरला? आपणच. दुकानात रजई स्वस्त मिळत असता जुनेरे काय शिवीत बसायचे, असे घरच्या तरुणांनी तिला कितीदा तरी ऐकविलेले असते.

गोधडीचे तंत्र नीट पाहिले म्हणजे असे बोलणे किती उथळ आहे ते कळते. धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी एकावर एक अंथरावयाची, ठिगळे मांडावयाची आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जावयाचे. थर सरकू न देणे, सुरकुती न पडू देणे, टाका सारखा राखणे, हे केवळ सरावाने हाताला कळते. पाश्चात्त्यांचे 'क्विल्ट'ही थरांचेच. मात्र त्यास बहुधा नवे कापड लागते आणि मधला लोकरीचा वा कापसाचा थर विकत आणावा लागतो. जपानी साशिको हा तर निव्वळ धावदोराच; तो शिकण्यासाठी लोक हौसेने पैसे मोजतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या गोधड्या अमेरिकेतील प्रदर्शनांत मांडल्या गेल्या आहेत. 1834 पासून मॉरिशसला व 1879 पासून फिजीला करारावर गेलेल्या माणसांच्या गाठोड्यात फारसे काही नव्हते. हातचे कसब मात्र त्यांच्याबरोबर गेले. त्याची लाज कशास?

कक्षात केवळ शिकण्यासाठी जावे असे नाही, शिकविण्यासाठीही जावे. टाका दाखविण्यास भाषा थोडीच लागते. त्याच मेजावर कोणी माओरी वृद्धा हाराकेके या पातीची टोपली विणीत असेल, तर तिच्याकडूनही घेण्याजोगे पुष्कळ आहे. मधला कोंब म्हणजे बालक, त्याच्या दोहों बाजूंची पाती म्हणजे आईबाप. त्यांना हात लावावयाचा नाही. कापावयाची ती बाहेरची, आजापणज्यांची पाती. ही रीत आपल्या आजीला कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

घरच्यांनी मात्र दोन गोष्टी कराव्यात. सांधे दुखणाऱ्या बोटांसाठी मोठ्या नेढ्याची सुई, अंगुस्ताना आणि चांगला उजेड यांची सोय पाहावी. आणि जुन्या साड्या टाकून न देता तिच्याकडे पोहोचवाव्यात. गोधडी पुरी झाल्यावर मागील बाजूस पांढरी पट्टी शिवून तीवर करणारीचे नाव, वर्ष आणि कोणते ठिगळ कोणाच्या वस्त्राचे, हे तिला विचारून लिहून ठेवावे. ते तिच्याखेरीज कोणासच ठाऊक नसते.