आधीं ओळख, मग शस्त्र

घरांत मूल वरचेवर आजारी पडूं लागलें, कीं वडीलधारी मंडळी म्हणतात, "ह्याची प्रतिकारशक्ति वाढविली पाहिजे." बाजारालाहि हें वाक्य पाठ झालें आहे, शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांना आणि गोळ्यांना आज तोटा नाहीं. शक्ति असावी, हें कोण नाकारील? परंतु शरीराच्या रक्षणांत शक्तीहूनहि मोठी एक गोष्ट आहे. ती म्हणजे ओळख. स्वकीय कोण आणि परकीय कोण, हें ज्याला कळत नाहीं, त्याच्या हातीं शस्त्र जितकें धारदार तितका अनर्थ मोठा. ह्या अंकीं आम्ही वाचकांपुढें ज्या पेशीची कथा ठेवीत आहों, तिचें सारें जीवन ह्याच तत्त्वावर उभें आहे. तिला मारक टी-पेशी म्हणतात.

रक्तांतील पांढऱ्या पेशींच्या मोठ्या कुळाची ही एक शाखा. पुष्कळ जंतु पेशींच्या बाहेर वावरतात; त्यांना रक्तांतील प्रतिपिंडें गांठूं शकतात. विषाणु मात्र आपल्याच पेशीच्या आंत शिरतो आणि तिच्याच सामग्रीवर आपली प्रजा वाढवितो. तेथें प्रतिपिंडांचा हात सहसा पोहोंचत नाहीं. अशा वेळीं त्या बाधित पेशीचाच नाश करावा लागतो. म्हणजे जिला मारावयाचें ती परकी नव्हे, घरचीच! कुरुक्षेत्रावर अर्जुनापुढें जो पेंच उभा राहिला, तसाच पेंच ह्या पेशीपुढें नित्य असतो. म्हणूनच तिच्या शिक्षणांत निसर्गानें कोणतीहि सूट ठेविलेली नाहीं.

तिचें मूळ अस्थिमज्जेंत. परंतु कोवळ्या अवस्थेंतच ती छातीच्या मधल्या हाडामागील एका ग्रंथींत येते. ह्या ग्रंथीचें इंग्रजी नांव थायमस. मराठींत तिला यौवनलोपी असें सार्थ नांव आहे, कारण बालपणीं ती ठसठशीत असते आणि तारुण्यापासून झिजूं लागते. तिचें प्रयोजन फार काळ कोणास उमगलें नव्हतें. १९६१ सालीं लंडन येथें झाक मिलर यांनीं नवजात उंदरांची ही ग्रंथि काढून पाहिली. त्या पिलांची रोगांशीं झुंजण्याची शक्ति खचली, आणि दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी त्यांना लाविली तरी ती झिडकारली जाईना. परकें ओळखणारे रक्षकच तयार झाले नव्हते!

ह्या गुरुकुलांत दोन परीक्षा असतात. धान्याचा व्यापारी जशी गिऱ्हाइकापुढें वानगी मांडतो, तशी शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आंतील प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेविते. ज्या तबकांत ही वानगी असते, त्यांची घडण माणसागणिक निराळी. पहिली परीक्षा अशी, कीं शिकाऊ पेशीला आपल्या घरचें तबक मुळांत ओळखतां येतें काय? न येईल तर ती मरते. दुसरी परीक्षा याच्या उलट: घरचीच निर्दोष वानगी पाहून ती चवताळते काय? चवताळली तरी बहुधा तिचा शेवटच. शंभरांपैकीं फार तर चार-पांच पेशी उत्तीर्ण होतात. आम्ही उभा जन्म शाळेंत घालविला. पण असा निकाल लावण्याचें धैर्य कोणत्याहि हेडमास्तरास झालें नसतें.

तबक आणि वानगी ह्या दोहोंची सांगड कशी कळली, तेंहि ऐकण्याजोगें आहे. ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें पीटर डोहर्टी नांवाचे एक पशुवैद्य आणि स्वित्झर्लंडचे रॉल्फ झिंकरनागेल हे उंदरांतील एका विषाणूचा अभ्यास करीत होते. एका वाणाच्या उंदराच्या मारक पेशी त्याच वाणाच्या बाधित पेशींना मारीत. निराळ्या वाणाच्या पेशींत तोच विषाणु असूनहि त्यांना शिवत नसत. केवळ शत्रु दिसून भागत नाहीं, तो घरच्या तबकांत दिसावा लागतो, हें १९७४ सालीं त्यांनीं जगापुढें मांडिलें. १९९६ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. अस्थिमज्जेचें रोपण करतांना हींच तबकें जुळवून पाहतात. सख्ख्या भावंडांत तीं पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक असतो.

उत्तीर्ण झालेली पेशीहि लागलीच शस्त्र उचलीत नाहीं. पायाला जखम चिघळली म्हणजे जांघेंत अवधाण येतें, तें सर्वांस ठाऊक आहे. तेथील लसीका ग्रंथि म्हणजे ह्या रक्षकांची चावडी. फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या कांहीं पेशी संसर्गाच्या जागेवरून वानगी घेऊन चावडीवर येतात. वानगी पटली हा एक इशारा. संकट खरें आहे असा दुसरा इशारा त्याच पेशींकडून मिळावा लागतो. दोन्ही मिळाले तरच मारक पेशी वाढूं लागते आणि आठवड्याभरांत एकीच्या हजारों होतात. मग त्या बाधित पेशीला जाऊन भिडतात, एका प्रथिनानें तिच्या कवचास छिद्रें पाडतात आणि त्यांतून दुसरीं प्रथिनें आंत सोडतात. तीं तिला आत्मनाशाची आज्ञा देतात. शेजारच्या निरोगी पेशीस सहसा धक्का लागत नाहीं. काम संपलें कीं बहुतेक मारक पेशी मरून जातात. थोड्या मागें राहतात, त्या आठवण ठेवण्यासाठीं. कित्येक लसी प्रतिपिंडांबरोबरच ही आठवणहि आधींच देऊन ठेवितात.

एवढा बंदोबस्त असूनहि क्वचित् ओळख चुकते. बालवयांत पुष्कळदां दिसणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत ह्याच मारक पेशी स्वादुपिंडांतील इन्सुलिन करणाऱ्या पेशींना परकें समजून नष्ट करितात. अशा घरांत मग कुजबुज सुरू होते: आईनें फार गोड खाऊं घातलें, आजीनें लाडू चारले, आजोळच तसें! आम्ही स्पष्ट सांगतों, गोड खाल्ल्यानें हा मधुमेह होत नाहीं. आनुवंशिकतेचा कांहीं अंश त्यांत असतो. पण तो कोणाचा अपराध नव्हे. त्या मुलास इन्सुलिन लागतेंच. कोणाच्या सांगण्यावरून तें थांबविणें म्हणजे प्राणाशीं खेळ आहे.

उलट बाजूस कर्करोग. टी-पेशींना आवर घालणारे जे लगाम त्यांच्याच अंगीं असतात, तेच कर्कपेशी खेंचून धरितात. हे लगाम ओळखून ते सैल करण्याचा मार्ग दाखविल्याबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकु होन्जो यांना २०१८ सालीं नोबेल मिळालें. आपल्याकडेहि मुंबईच्या आय. आय. टी. आणि टाटा मेमोरियल येथील संशोधकांनीं रुग्णाच्याच टी-पेशींना कर्कपेशींवरील खूण ओळखावयास लावणारा उपचार सिद्ध केला. रक्ताच्या कांहीं कर्करोगांसाठीं त्यास २०२३ सालीं सरकारी मान्यता मिळाली. परंतु लगाम सैल करणाऱ्या औषधांनीं कांहीं रुग्णांच्या आंतड्यांवर वा गळ्यांतील ग्रंथीवर त्यांच्याच पेशी उलटतात, आणि क्वचित् कोणास तोच इन्सुलिनचा मधुमेहहि जडतो. शक्ति मोकळी सुटली, तर ती घर आणि शत्रु एकाच मापानें मोजूं लागते.

तेव्हां आमची सुज्ञ गृहिणींस आणि कर्त्या पुरुषांस विनंति इतकीच. मुलांच्या लसी वेळच्या वेळीं द्याव्या. शक्तीच्या बाटलीवर घरखर्चांतला पैसा दवडूं नये. आणि घरांतल्या लहानग्यास इन्सुलिन टोंचावें लागत असेल, तर त्याच्या आईला बोल लावण्याऐवजीं सुई टोंचावयास घरांतील आणखी दोघांनीं शिकून घ्यावें.