वृत्तपत्र कशासाठी वाचावयाचे?

मतदानाचे प्रमाण घटले की नागरिकांच्या अज्ञानाकडे बोट दाखविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. लोकांना अधिक माहिती मिळाली, तर ते सार्वजनिक कार्यात अधिक भाग घेतील, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सत्तर टक्क्यांहून अधिक मतदान झाले. दक्षिण मुंबईत ते पन्नास टक्क्यांच्या आसपास होते. महानगरांतील मतदारयाद्यांत स्थलांतरितांची नावे राहून जातात, हे खरे. तथापि तेवढ्याने हे सारे अंतर भरून निघेल असे वाटत नाही. जेथे दैनिकांची आणि वाहिन्यांची रेलचेल, तेथेच मतदान केंद्राकडे पाठ फिरविली जात असेल, तर बातम्या किती मिळतात यापेक्षा त्या कशासाठी घेतल्या जातात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये लोकशाहीचा आर्थिक सिद्धांत मांडला. लाखो मतांत एका मताने निकाल बदलण्याची शक्यता नगण्य असते. म्हणून राजकीय माहिती मिळविण्यासाठी वेळ आणि श्रम खर्च करणे सामान्य मतदाराला परवडत नाही, आणि त्याचे अज्ञान हे एका अर्थी विवेकीच असते, असे त्याचे प्रतिपादन होते. हा युक्तिवाद सहज खोडून काढता येत नाही. परंतु मग प्रश्न उरतो तो असा, की कोट्यवधी माणसे रोज सकाळी वृत्तपत्र उघडतात ती कोणत्या लाभासाठी?

या प्रश्नाचे एक मार्मिक उत्तर न्यूयॉर्क शहरात मिळाले. १९४५ च्या उन्हाळ्यात तेथे वृत्तपत्रांचे वाटप करणाऱ्यांचा संप झाला आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दैनिके घरोघर पोहोचली नाहीत. बर्नार्ड बेरेल्सन या संशोधकाने तेव्हा वाचकांना विचारले, की तुम्हाला नेमकी कशाची उणीव भासते? जगातील महत्त्वाच्या घडामोडी कळत नाहीत, असे बहुतेकांनी सांगितले. मात्र अधिक खोदून विचारता, अमुक एक गंभीर बातमी अर्धवट राहिली असे सांगू शकणारे थोडेच निघाले. कोणाला नभोवाणीचे कार्यक्रम हवे होते, कोणाला निधनवार्ता, कोणाला चारचौघांत बोलण्यासाठी विषय. आणि अनेकांना हवी होती ती केवळ वाचनाची नित्याची सवय. बेरेल्सनचा हा अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचक बदलले, साधने बदलली. पण कचेरीतील मधल्या सुटीत मोबाईलवर बातम्या चाळणाऱ्या आपल्या सहकाऱ्याकडे पाहिले, तर हे निष्कर्ष जुने झाले आहेत असे म्हणवत नाही.

करमणुकीसाठी किंवा गप्पांसाठी बातम्या वाचणे हा काही गुन्हा नव्हे. धोका आहे तो वेगळाच. पॉल लाझार्सफेल्ड आणि रॉबर्ट मर्टन या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९४८ मध्येच तो सांगून ठेवला आहे. सार्वजनिक प्रश्नांची खडान्‌खडा माहिती असणे म्हणजेच त्यांबाबत काही करणे, असा भ्रम माहीतगार नागरिकाला होतो. तो वाचतो, ऐकतो, हिरिरीने वाद घालतो आणि कर्तव्य बजावल्याच्या समाधानात झोपी जातो. अशा वेळी बातमी गुंगीच्या औषधाचे काम करते.

महाराष्ट्राने या गुंगीचा अनुभव नुकताच घेतला आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. कोणता आमदार कोणत्या गटात गेला, हे आपणांपैकी बहुतेकांना तोंडपाठ होते. नेमक्या त्याच काळात, मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या मुंबई महापालिकेचा कारभार निर्वाचित नगरसेवकांविना चालला होता. २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे तिचा अर्थसंकल्प प्रशासकानेच मांडला. त्यांपैकी अखेरचा, २०२५-२६ चा, ७४ हजार कोटी रुपयांहून मोठा होता. राज्यातील इतर अनेक महापालिकांचीही हीच कथा. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. आपल्या नळाचे पाणी, रस्ता आणि शाळा ज्या सभागृहात ठरावयाची ते रिकामे आहे, याबद्दल वृत्तवाचक मध्यमवर्गाने रान उठविल्याचे ऐकिवात नाही. ही बातमी छापली गेली नाही असे नव्हे. ती नाट्यमय नव्हती, एवढेच.

याउलट एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या 'केसरी'ने सरकारच्याच दुष्काळविषयक नियमांत रयतेला कोणते हक्क दिले आहेत, ते मराठीत समजावून सांगितले. पीक बुडाले असेल तर सारा माफ वा तहकूब होऊ शकतो, ही बातमी गावोगाव पोहोचविण्यासाठी सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते हिंडले. ती ऐकणाऱ्या शेतकऱ्यांपैकी बहुतेक निरक्षर होते. पण मामलेदारासमोर उभे राहावयाचे असल्यामुळे प्रत्येक शब्द त्यांच्या उपयोगाचा होता.

येथेच प्रश्नाची गुरुकिल्ली सापडते. विटांची मागणी घरांच्या मागणीतून निर्माण होते. अशा मागणीला अर्थशास्त्रात परोक्ष मागणी म्हणतात. राजकीय माहितीची मागणीही अशीच परोक्ष असते. ज्याला काही ठरवावयाचे आहे, तो ठरविण्यापुरती माहिती शोधतोच; ज्याला काहीच ठरवावयाचे नाही, त्याच्यासाठी राजकारण हा एक खेळ उरतो आणि तो प्रेक्षक. म्हणून केवळ वाचकाला दोष देऊन भागणार नाही. तीन-तीन वर्षे निवडणुका न घेणारे शासन नागरिकाची बातमीविषयीची भूकच मारून टाकत असते.

तेव्हा सुधारणेचा आरंभ वाचनापासून नव्हे, तर कृतीच्या संधीपासून व्हावयास हवा. घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे. दैनिकांनी नेत्यांच्या वाग्युद्धाला दिलेल्या जागेपैकी एक स्तंभ प्रभागातील कामे, त्यांचा खर्च आणि सभांच्या तारखा यांना द्यावा. शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला आपल्याच नगरपालिकेचा अर्थसंकल्प वर्गात उघडावा. आणि वाचकाने निदान एक स्थानिक प्रश्न निवडून त्याचा वर्षभर पाठपुरावा करावा. एकदा अर्ज केला, उत्तराची वाट पाहिली, सभेत उभे राहून प्रश्न विचारला, की तोच माणूस दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र निराळ्या दृष्टीने वाचतो. लोकशाहीला अशा वाचकांची गरज आहे. प्रेक्षकांची वाण तिला कधीच नव्हती.