भोकांची पत्रिका

लग्नाच्या पत्रिकेत गुण छत्तीस. त्यातले अठरा जुळले तरी मंडळी मांडव घालायला मोकळी होतात. गिझरच्या पत्रिकेत गुण दोनच. डावं भोक आणि उजवं भोक. तेवढेही जुळू नयेत?

आमचं घर करकंबचं, पंढरपूर तालुक्यातलं. जुना गिझर बारा वर्षं इमानानं नोकरी करून गेला. त्याच कंपनीचा, तेवढ्याच पंधरा लिटरचा नवा आणला. वायरमननं तो भिंतीला लावून पाहिला आणि डॉक्टरनं नाडी सोडावी तसा खाली ठेवला.

"काका, दीड सुतानं मार खातंय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण आमच्या भागातल्या कारागिराच्या तोंडी अजून सूतच आहे. तर दीड सूत म्हणजे जेमतेम पावणेपाच मिलिमीटर. "एवढ्यानं काय बिघडतं?" असं विचारणाऱ्यानं जुन्या विटांच्या भिंतीला एकदा ड्रिल लावून पाहावं. शेजारी नवं भोक पाडायला जागा नाही आणि जुनंच सरकवायला जावं तर इंग्रजी आठाचा आकडा तयार होतो. त्यात फास्टनर धरत नाही, नुसता गरगर फिरतो. पंधरा लिटर म्हणजे नुसतं पाणीच पंधरा किलो. गिझरचं स्वतःचं वजन वेगळं. आणि हे सगळं ज्याच्या डोक्यावर लटकतं, तो बिचारा डोळ्यांत साबण गेल्यामुळे वर बघूही शकत नसतो. तेव्हा प्रश्न सौंदर्याचा नाही, टाळूचा आहे.

कंपनीवाले म्हणतात, मॉडेल बदललं. बदला की! रंग बदला, दिवा बदला, नाव बदला. पण भिंत काही दरवर्षी मॉडेल बदलत नाही.

बरं, हे जमत नाही असं थोडंच आहे? आपला दोन खुंट्यांचा बल्ब बघा. त्याची टोपी २२ मिलिमीटरची. कुठल्याही कंपनीचा आणा, कुठल्याही होल्डरात बसतो. तारेचा बल्ब गेला, एलईडी आला, होल्डर जागचा हलला नाही. स्क्रूचे आटे सगळीकडे एकसारखे असावेत, हे तर इंग्लंडात व्हिटवर्थसाहेबानं १८४१ सालीच सांगून ठेवलंय. आटे सुधारले, भोकं तेवढी राहिली.

बर्फावर स्कीइंग करतात त्या पट्ट्यांचीही हीच रड. बूट अडकवायच्या कळीची भोकं कंपनीगणिक निराळी, आणि पट्टीला पुन्हापुन्हा भोकं पाडता येत नाहीत. म्हणून तिथले कारागीर आधी भोकांचा कागदी नमुना पट्टीवर चिकटवतात, मग ड्रिलला हात लावतात. म्हणजे जे हौसेनं घसरायला जातात त्यांच्यासाठी कागद, आणि ज्यांना न्हाणीघरातसुद्धा घसरायचं नाही, त्यांच्यासाठी वायरमनचा अंदाज!

माझी मागणी मोठी नाही. भारतीय मानक ब्यूरोनं गिझरसाठी दोन-तीन अंतरं ठरवून द्यावीत आणि सगळ्यांनी ती पाळावीत. ते होईपर्यंत निदान खोक्यावर भोकांतलं अंतर मिलिमीटरमध्ये छापावं. गिझर वीज किती खातो हे सांगायला तारे छापतातच. त्यांच्याशेजारी एक आकडा छापायला शाई ती किती लागणार? तेवढं करा. आम्ही आधी पत्रिका बघू, मगच स्थळ घरी आणू.