दंतवैद्यकाचें शिक्षण कशासाठीं?

दांत आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दांत नाहींत, ही म्हण आमच्या लोकांनीं दैवाला बोल लावण्यासाठीं केली. चणे नसणें हें कित्येकदां परिस्थितीचें काम असेल. परंतु दांत नसणें हें बहुधा आपलेंच कर्तृत्व असतें. 2002-03 सालीं भारतीय दंत परिषदेनें देशभर जी पाहणी करविली, तींत 12 वर्षांच्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिक मुलांचे दांत किडलेले आढळले, आणि 35 ते 44 वर्षांच्या प्रौढांत हें प्रमाण पांचांत चार इतकें होतें. सकाळीं उठून प्रथम दंतधावन करावें असें ज्या देशाचें धर्मशास्त्र सांगतें, त्या देशाची ही स्थिति! बरें, किडका दांत उपटून टाकितां तरी येतो. त्याच तोंडांत कर्करोग झाला म्हणजे काय करावें? 2020 सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणें ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे सर्व जगांत सुमारे पावणेचार लक्ष नवे रोगी झाले; त्यांपैकीं सुमारे 1 लक्ष 36 हजार एकट्या भारतांतले होते.

या देशांत दंतवैद्यकाचीं महाविद्यालयें थोडीं आहेत काय? तसेंही नाहीं. तीनशेंहून अधिक आहेत, आणि त्यांतील बहुतेक खासगी आहेत. मग एवढीं विद्यालयें आणि एवढे रोगी हीं दोन्ही एकाच देशांत सुखानें कशीं नांदतात, हा प्रश्न कोणाही विचारी गृहस्थास पडला पाहिजे.

या विद्येचा आपल्याकडील आरंभ मोठ्या स्वाभिमानाचा आहे. अमेरिकेंतील आयोवा येथें शिकून आलेले डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं 1920 सालीं कलकत्त्यास हिंदुस्थानांतील पहिलें दंत महाविद्यालय काढिलें. सरकारच्या दारीं दांताच्या कण्या करीत न बसतां त्यांनीं ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नांवाचें दुकान घातलें, आणि त्याच्या उत्पन्नावर विद्यालय चालविलें. गोड पेयांच्या नफ्यांतून दंतविद्या शिकविली गेली यांत विनोद आहे खरा. पण आमच्या व्यापारी वाचकांनीं त्यांतील विनोद सोडून बाकीचा भाग ध्यानांत ठेवावा. 1949 सालीं अहमद यांनीं तें विद्यालय सरकारच्या स्वाधीन केलें. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय 1933 सालीं निघालें. 1948 सालीं दंतवैद्यांचा कायदा झाला, आणि तेव्हांपासून या धंद्यास रीतसर शिस्त लागली.

शिस्त लागली, परंतु दृष्टि लागली काय? आमच्या मतें दृष्टि ज्या ठिकाणीं दिसली तें ठिकाण दंत महाविद्यालय नव्हतेंच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. फली मेहता यांचा एक लहानसा दंतसंशोधन विभाग होता. त्यानें 1966 च्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांतील खेड्यांत घरोघर जाऊन लोकांचीं तोंडें तपासण्यास आरंभ केला. कोपनहेगनचे प्रसिद्ध दंतशास्त्रज्ञ पिंडबोर्ग हे या कामीं त्यांचे सहकारी होते. महाराष्ट्रांतील 1 लक्ष 1 हजार 761 ग्रामस्थांच्या तपासणीचा वृत्तांत 1972 सालीं प्रसिद्ध झाला. कोण काय चघळतो, कोण काय ओढतो, कोणाच्या गालाच्या आंत पांढरा चट्टा आहे, याची नोंद ओसरीवर बसून केलेली! पुढें याच मंडळींनीं केरळ, आंध्र व गुजरात येथील 36 हजार तंबाखू सेवन करणाऱ्यांस समक्ष भेटून, चित्रपटांतून, आकाशवाणीवरून व वर्तमानपत्रांतून व्यसन सोडण्याचा उपदेश केला, आणि पांच वर्षांनीं पाहिलें तों पूर्वीपेक्षां अधिक लोकांनीं व्यसन सोडलें होतें व पांढरे चट्टेही कमी उठत होते. तो निष्कर्ष 1986 सालीं ‘लॅन्सेट’ मध्यें आला.

तिरुवनंतपुरमचा प्रयोग तर याहून मोठा. 1996 पासून तेथें सुमारे 1 लक्ष 90 हजार लोकांचे तेरा गट पाडून, कांहीं गटांतील लोकांचीं तोंडें ठराविक काळानें तपासलीं व कांहींचीं तशींच राहूं दिलीं. तपासणारे शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक होते. साधन काय, तर उजेड आणि डोळे. 2005 सालीं हिशेब झाला. सर्व लोक एकत्र धरले असतां फरक निर्णायक ठरला नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें कमी झाले होते.

आतां आमच्या विद्यालयांत काय चालतें तें पाहा. चार वर्षें अभ्यास व एक वर्ष उमेदवारी. इतके दांत उपटले, इतके भरले, इतक्या कवळ्या बसविल्या, असा हिशेब पुरा झाला कीं विद्यार्थी पदवीधर. लोकांच्या दंतारोग्याचा विषय अभ्यासक्रमांत आहे, नाहीं असें नाहीं, पण परीक्षेपुरता. पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंध लिहावा लागतो. तो लिहिला जातो, बांधला जातो आणि कपाटांत जातो. ज्या गांवच्या माणसांचीं तोंडें पाहून तो लिहिला, त्या गांवास त्यांतलें एक वाक्यही कोणी परत जाऊन सांगत नाहीं. अध्यापकाची बढती निबंधांच्या संख्येवर, विद्यार्थ्याचें लक्ष शहरांतील दवाखान्याच्या जागेवर. यांत व्यक्तींचा दोष थोडा, पद्धतीचा फार.

कोणी म्हणेल, तंबाखूस कायद्यानें आळा घाला म्हणजे झालें. आमचा धंदा वकिलीचा असल्यामुळें कायद्याची धांव कोठपर्यंत हें आम्हांस थोडेंबहुत कळतें. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास 1992 सालीं बंदी झाली, आणि 1997 सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. महाराष्ट्रांत 2012 सालीं गुटख्यावर बंदी आली. परंतु मिश्री कोठें तयार होते? ती आमच्या स्वयंपाकघरांत तयार होते. सुटी तंबाखू आणावी, तव्यावर काळी होईपर्यंत भाजावी, कुटावी, आणि सकाळीं बोटानें हिरड्यांस लावावी. दांत बळकट होतात, पोट साफ होतें, या समजुतीनें आईनें लेकीस आणि सासूनें सुनेस ती दिली. दिवसांतून एकदां लावणारी बाई वर्षभरांत चारदां लावूं लागते. या तव्यावर पोलिसाची धाड कशी पडणार? तेथें जाऊं शकेल तो शिकलेला आणि त्या बाईच्या भाषेंत बोलणारा माणूस. इंग्रजी पुस्तकांतून रोगाचीं नांवें घोकलेल्या आमच्या पदवीधरास ‘मावशी, मिश्री किती वेळां लावतां?’ हा प्रश्न अधिक्षेप न होऊं देतां विचारतां येतो काय? आणि तो विचारावयास त्यास कोणी शिकविलें काय?

सुपारीनें तोंडाची कातडी ताठ होऊन तोंड उघडेनासें होतें, त्या विकाराचें वर्णन 1953 सालीं जोशी नांवाच्या आपल्याच वैद्यानें केलें. तात्पर्य, निरीक्षण करणारीं माणसें आपल्यांत नव्हतीं असें नाहीं. त्यांची परंपरा विद्यालयांत मुरली नाहीं.

1948 च्या कायद्याच्या जागीं आणण्यासाठीं संसदेनें 2023 सालीं राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला आहे. अभ्यासक्रम ठरविणारांस आमची सूचना इतकीच कीं, प्रत्येक विद्यालयानें आपल्या भोंवतालचीं कांहीं गांवें कायमचीं पत्करावीं. विद्यार्थ्यानें पहिल्या वर्षापासून त्याच घरांत वरचेवर जावें. नोंद मराठींत ठेवावी. आणि प्रबंध लिहिणारानें आपला निष्कर्ष त्या गांवच्या चावडीवर वाचून दाखविल्याखेरीज त्यास पदवी देऊं नये. याला खर्च येईल तो फार नाहीं. ज्या पेढ्यांतून धर्मशाळेस व अन्नछत्रास दरसाल रक्कम निघते, त्यांनीं एकेका विद्यालयाचीं दोन-दोन गांवें आपल्या नांवें लावून घेतलीं तरी जिल्ह्याचें काम सुरू होईल.