दोष केवळ बुरशीचा काय?

कोकणात आमच्या घरी पावसाळा लागला की चामड्याच्या वहाणांवर बुरशी धरे. आई ती पुसून काढी. तिचे भय कोणालाच वाटत नसे. असल्याच एका यःकश्चित बुरशीने २०२१ साली देशात हाहाकार उडविला. त्या वर्षीच्या २८ जूनपर्यंत म्युकरमायकोसिसचे ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले व ३,१२९ दगावले. आपल्या भोपाळातही हमीदिया रुग्णालयात त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष उघडावा लागला. प्राण वाचावा म्हणून कित्येकांचा डोळा काढावा लागला.

लोकांनी तिला 'काळी बुरशी' म्हटले. वस्तुतः ती काळी नव्हे. तिचे बीजकण मातीत, कुजक्या पाल्यात असतात व श्वासाबरोबर आपणा सर्वांच्याच नाकात जातात. निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करते. परंतु रक्तातील साखर बेसुमार वाढून त्यात आम्लता आली, म्हणजे रक्षक पेशी दुबळ्या होतात आणि बुरशीला हवे असलेले लोह मोकळे होते. मग ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजविते. रक्तावाचून मांस मरते व काळे पडते. नाकाजवळच्या पोकळ्यांतून ती डोळ्याकडे व तेथून मेंदूकडे सरकते.

वरील रुग्णांपैकी २६,१८७ जणांना मधुमेह होता. २१,५२३ जणांनी स्टेरॉइड घेतले होते. कोविडच्या अत्यवस्थ रुग्णाला हे औषध जीवदान देते, पण ते साखरही वाढविते. प्राणवायू मिळण्याची मारामार असता साखर कोण पाहणार, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. परंतु मधुमेह काही त्या दिवसांत जन्मला नव्हता. 'थोडीशी साखर आहे' अशा लाडक्या नावाने तो आपल्या घरांत वर्षानुवर्षे नांदत होता. बुरशीला दार आपल्या हयगयीने उघडून दिले, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोविडची लाट ओसरली, तरी ही बुरशी व मधुमेह दोन्ही येथेच आहेत. म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, सोनागिरीतील आपल्या घरी आजी-आजोबांची साखर वेळच्या वेळी तपासली जाते की नाही, हे तुम्ही पाहा. एका बाजूचा चेहरा दुखणे वा बधिर होणे, नाकातून काळपट स्राव, पापणी सुजणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, यांपैकी काहीही आढळले, तर घरगुती उपायांत एक दिवसही न दवडता त्यांना रुग्णालयात न्यावयास सांगा. ज्या डोळ्यांनी आपल्याला लहानाचे मोठे होताना पाहिले, ते डोळे जपणे हे आपलेच कर्तव्य नव्हे काय?